‘कोट्यातला डॉक्टर चालेल का?’ आपत्कालीन उपचारांचा इतिहास काय सांगतो

आरक्षणावर वाद सुरू झाला आणि समोरच्याकडचे मुद्दे संपत आले, की एक प्रश्न हमखास येतो. ‘तुझ्या वडिलांना रात्री दोन वाजता अटॅक आला, तर तुला कोट्यातून आलेला डॉक्टर चालेल का?’ कॉलेजच्या कट्ट्यावर येतो, ऑफिसात डबा खाताना येतो, आणि नीटचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर तर दरवर्षी येतो. गंमत अशी, की चष्म्याचा नंबर काढणाऱ्या डॉक्टरबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो नेहमी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबद्दल असतो. माणूस मरणाच्या दारात आहे, मिनिटं मोजली जाताहेत, अशा वेळी ‘मेरिट’च हवं, हे इतकं उघड वाटतं की पुढे वाद घालणाराच निर्दयी ठरतो.

आपली मुलं यावर जे उत्तर देतात ते बरोबरच आहे. आरक्षण प्रवेशाला असतं, एमबीबीएस पास व्हायला नसतं. पेपर एकच, पासिंगचे मार्क एकच. आणि पैसे मोजून घेतलेल्या मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेबद्दल हीच शंका कुणाला येत नाही. पण हे उत्तर बचावाचं आहे. प्रश्न त्यांचा, मैदान त्यांचं, आणि आपण हातात प्रमाणपत्र घेऊन उभे. मला उलट बाजूने यायचं आहे. अत्यवस्थ माणसावर आधी उपचार करायचे, बाकी सगळं नंतर, हा नियम आला कुठून? तो कुणी मोडला? आणि जेव्हा तो रस्त्यावर उतरवायची वेळ आली, तेव्हा कोण उतरलं? हा इतिहास पाहिला तर ते मैदान त्यांचं कधीच नव्हतं हे दिसतं.

आधी नियम. इमर्जन्सी विभागात पेशंट आला की पहिली गोष्ट होते ती ट्रायाज, म्हणजे वर्गवारी. श्वास अडकलेला, रक्त थांबत नसलेला, शुद्ध हरपत चाललेला पेशंट ‘लाल’. गंभीर आहे पण थोडा वेळ थांबू शकेल तो ‘पिवळा’. स्वतःच्या पायांनी चालत आला तो बहुधा ‘हिरवा’. आधी आला म्हणून आधी नंबर नाही, ओळखीचा आहे म्हणूनही नाही. लाल पेशंटला हात लावल्यावरही क्रम ठरलेला असतो: श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, रक्ताभिसरण नीट आहे का. नाव, गाव, केसपेपर हे सगळं त्याच्या मागून. निदान पुस्तकात तरी.

ही कल्पना रणांगणावर जन्मली. नेपोलियनच्या सैन्यात दोमिनिक-जाँ लारे नावाचा सर्जन होता. त्याच्या आधी जखमी शिपाई लढाई संपेपर्यंत तसाच पडून राहायचा, आणि उचलायची वेळ आली की आधी अधिकारी उचलले जायचे. लारेने १७९२च्या सुमारास घोड्यांच्या हलक्या गाड्या लढाईच्या जागेपर्यंत नेल्या. त्यांना ‘उडत्या अँब्युलन्स’ म्हणत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने नियम घातला, की ज्याच्या जिवाला सर्वात जास्त धोका त्याच्यावर आधी उपचार, मग त्याचा हुद्दा काहीही असो. शत्रूच्या जखमींनाही त्याने हाच नियम लावला.

आता आपल्या भाषेत बोलू. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येकजण कुणाच्या तरी वर, कुणाच्या तरी खाली. वरच्याला आधी, खालच्याला उरलंसुरलं. ट्रायाज हीसुद्धा एक उतरंडच आहे, पण उलटी केलेली. जो सर्वात असहाय आहे तो सर्वात वर. या दोन उतरंडी एका दारातून आत जाऊ शकत नाहीत. एकीला बाहेर थांबावंच लागतं, आणि आपल्या देशात बाहेर कोण थांबलं याचा एक लेखी पुरावा आहे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी एक पत्र नोंदवून ठेवलं आहे. ते १२ डिसेंबर १९२९च्या ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. काठियावाडातल्या एका गावात अस्पृश्य समाजातला एक शाळामास्तर होता. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. जुलाब, श्वास घ्यायला त्रास, बरगड्यांत दुखणं. मास्तर डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वस्तीत मी येणार नाही. मास्तराने नगरशेठ आणि दरबार यांचे पाय धरले. फीचे दोन रुपये मिळतील याची हमी नगरशेठने घेतली, तेव्हा डॉक्टर यायला तयार झाला, तेही या अटीवर की पेशंटला वस्तीच्या बाहेर आणायचं. दोन-तीन दिवसांची बाळंतीण, तान्ह्या बाळासकट, रात्री बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने मास्तराला, मास्तराने बायकोला. परतही त्याच साखळीने आला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया आहे म्हणाला, निघून गेला आणि औषध पाठवलं. पुन्हा पाहायला आला नाही. ती बाई मेली.

यातल्या एका गोष्टीकडे लक्ष द्या. निदान करायला डॉक्टरला अडचण आली नाही. श्वास लागणं, बरगड्यांतलं दुखणं, ताप, एवढ्यावर त्याने न्यूमोनिया ओळखला. म्हणजे त्याचं शिक्षण झालेलं होतं, डोकं चालत होतं. ज्याला आज ‘मेरिट’ म्हणतात ते त्याच्याजवळ होतं. त्याने छातीला स्टेथोस्कोप लावला नाही, नाडी हातात घेतली नाही, दुसऱ्यांदा आला नाही. त्या बाईला डॉक्टरच्या गुणवत्तेने मारलं नाही आणि वाचवलंही नाही; थर्मामीटर ज्या साखळीतून फिरला तिने मारलं. मग मी विचारते, रात्री दोन वाजता तुमच्या वडिलांसाठी हा ओपन कॅटेगरीतला डॉक्टर चालेल का?

साथीच्या काळातलं याच्या नेमकं उलट चित्रही आपल्याच इतिहासात आहे, तेही या पत्राच्या ३२ वर्षं आधीचं. पुण्यात १८९७ला प्लेग होता. डॉ. यशवंत फुले यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यापर्यंत सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर पाठीवर टाकून आणलं. त्यातून त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. ती वैद्यकाच्या बाजूनेही सांगायला हवी: उपचार दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही, पेशंट जिथे पडला आहे तिथे सुरू होतो. हे वाक्य पुढच्या शतकात वैद्यकाने स्वीकारलं. ते ज्या गावात स्वीकारलं गेलं तिथे मला तुम्हाला न्यायचं आहे, कारण तिथली माणसं आपलीच होती. फक्त रंगाने आणि देशाने वेगळी.

अमेरिकेत काळ्या माणसाला इस्पितळाच्या दारातून परत पाठवणं हे १९६०च्या दशकापर्यंत अनेक राज्यांत नेहमीचंच होतं. ज्युलिएट डेरिकॉट ही फिस्क विद्यापीठातली मोठी पदाधिकारी. १९२८ला ख्रिस्ती विद्यार्थी महासंघाच्या बैठकीसाठी ती म्हैसूरला येऊन गेली होती. नोव्हेंबर १९३१मध्ये जॉर्जियातल्या डाल्टन गावाजवळ तिच्या गाडीला अपघात झाला. गावात इस्पितळ होतं, पण ते काळ्यांना दाखल करून घेत नसे. जखमींना एका काळ्या बाईच्या घरी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती वारली, तिच्या सोबतची एक विद्यार्थिनीही वारली. या प्रकरणावर डू बॉइस यांनी ‘क्रायसिस’ मासिकात लिहिलं. हे तेच डू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६मध्ये पत्र लिहून निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

इथे जरा थांबून आपल्या कार्यकर्त्यांना एक सांगायचं आहे. रक्तपेढीच्या कामाचे एक प्रणेते, काळे डॉक्टर चार्ल्स ड्रू, यांना १९५०च्या अपघातानंतर गोऱ्यांच्या इस्पितळाने नाकारलं आणि ते रक्त न मिळाल्याने मेले, अशी पोस्ट फिरते. ती खोटी आहे. त्यांच्यावर तिथे उपचार झाले होते. जखमाच जीवघेण्या होत्या. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच भागात मॅल्थियस एव्हरी या २४ वर्षांच्या काळ्या विद्यार्थ्याला, जो महायुद्धातला माजी सैनिकही होता, ड्यूक विद्यापीठाच्या इस्पितळाने ‘काळ्यांचे बेड भरलेत’ म्हणून परत पाठवलं, आणि दुसऱ्या इस्पितळात पोचल्यावर तासाभरात तो गेला. ही खरी घटना कुणाला माहीत नाही आणि खोटी सगळ्यांना पाठ. खरं एवढं भरपूर असताना खोट्याची उधारी कशाला?

आता पिट्सबर्ग. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं पोलादाचं शहर. त्यातला हिल डिस्ट्रिक्ट हा काळ्यांचा मोठा मोहल्ला. १९५०च्या दशकात त्याचा खालचा भाग पाडून शहराने तिथे क्रीडागार उभारलं आणि सुमारे ८,००० लोक विस्थापित झाले. (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या फायली घेऊन फिरणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) तिथे कुणी रस्त्यात कोसळलं तर पोलिसांना फोन करायचा. पोलिसांची गाडी यायची, दोन शिपाई पेशंटला कापडी स्ट्रेचरवर टाकून मागे ठेवायचे आणि दोघेही पुढे बसून गाडी हाणायचे. मागे पेशंट एकटा. बाहेरच्या भागांत अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपन्यांच्या शववाहिका अँब्युलन्स म्हणून यायच्या. म्हणजे पेशंट जगला काय, मेला काय, गाडीवाल्याचं भाडं बुडत नव्हतं. आणि पोलिसांशी काळ्यांचे संबंध असे, की छातीत कळ आली तरी लोक फोन करायला कचरायचे.

हे फक्त गरिबांचंच दुखणं होतं असंही नाही. ४ नोव्हेंबर १९६६ला या शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भर सभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्या गाडीतूनच नेलं. इस्पितळात हृदय पुन्हा सुरू झालं, पण मधल्या वेळात मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. अडीच आठवड्यांनी ते गेले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला. त्याचा सूर असा, की रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकाला वाचण्याची जी संधी मिळते ती आपल्या रस्त्यावर जखमी झालेल्या नागरिकाला मिळत नाही.

लॉरेन्स यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. पीटर सफार होते. व्हिएन्नात जन्मलेले, आईकडून ज्यू वंशाचे. नाझी राजवटीत या कुटुंबाने त्याची किंमत मोजली होती. तोंडाने तोंडात श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध करणाऱ्यांपैकी ते एक. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा वर सांगितलेला क्रमही त्यांच्यामुळेच जगभर गेला. १९६६मध्येच त्यांची ११ वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. इस्पितळाच्या आत कितीही यंत्रं आणली तरी पेशंट आत येईपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्यांना घरातूनच कळलं.

फिल हॅलेन हे एका वैद्यकीय निधीचे प्रमुख होते आणि पूर्वी अँब्युलन्स चालवत. हिलमधल्या बेकार तरुणांना काम मिळेल आणि मोहल्ल्याला गाडी मिळेल, असा त्यांचा विचार. हिलमध्येच काळ्यांची फ्रीडम हाउस नावाची संस्था होती. सफार म्हणाले, नुसती गाडी चालवायची असेल तर मला बोलावू नका. ही माणसं उपचार करायला शिकतील. १९६७ला भरती झाली. भरती कुणाची? दोन डझनांच्या आसपास काळे पुरुष. काही शाळा अर्धवट सोडलेले, काही व्हिएतनामहून परतलेले, काहींच्या नावावर जुने गुन्हे. शहर त्यांना ‘नोकरीवर ठेवण्याच्या लायकीचे नाहीत’ म्हणायचं. त्यांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं: शरीररचना, शरीरक्रिया, श्वास देणं, हृदयावर दाब देणं, बाळंतपण, गाडी चालवणं, ऑपरेशन थिएटरमध्ये आणि कॅज्युअल्टीत प्रत्यक्ष काम. त्या वेळी बऱ्याच ठिकाणी अँब्युलन्सवर जायला प्राथमिक उपचाराचा छोटा कोर्ससुद्धा सक्तीचा नव्हता.

एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, हिल पेटलं, आणि त्याच वर्षी या गाड्या रस्त्यावर उतरल्या. सुरुवातीला दोन गाड्या. पहिल्या वर्षी त्यांनी ५,८००हून अधिक फोन घेतले. १९७२मध्ये एक अभ्यास झाला. दोन महिन्यांत त्यांनी इस्पितळांत आणलेले सुमारे १,४०० पेशंट तपासले गेले. गंभीर पेशंटला योग्य उपचार मिळाले का, एवढंच पाहायचं होतं. फ्रीडम हाउस ८९ टक्के. पोलिसांच्या गाड्या ३८ टक्के. स्वयंसेवी अँब्युलन्स १३ टक्के. हे आकडे पाठ करून ठेवा. ‘कोट्यातला डॉक्टर’ असा प्रश्न पुढच्या वेळी आला की प्रमाणपत्र न दाखवता हे आकडे सांगा. ज्यांना शहराने कामाच्या लायकीचं मानलं नव्हतं त्यांना ३०० तास मन लावून शिकवल्यावर काय झालं, ते यात आहे. गुणवत्ता जन्मासोबत येत असती तर हे आकडे उलटे आले असते.

जॉन मून यांची हकीकत मला विशेष वाटते. ते पिट्सबर्गच्या एका इस्पितळात ऑर्डर्ली होते. आपल्याकडे ज्याला वॉर्डबॉय किंवा ‘मामा’ म्हणतात ते काम. स्ट्रेचर ढकला, चादरी बदला, पेशंटची घाण साफ करा. एक दिवस त्यांनी दोन काळ्या माणसांना गणवेशात वॉर्डात येताना पाहिलं; ते पेशंटबद्दल अधिकाराने बोलत होते आणि नर्सेस ऐकून घेत होत्या. मून यांनी ठरवलं, मला हेच व्हायचं आहे. ते झाले, आणि रस्त्यावर पेशंटच्या श्वासनळीत नळी घालणाऱ्या पहिल्या पॅरामेडिकांत त्यांचं नाव घेतलं जातं.

आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कॅज्युअल्टीत जा. स्ट्रेचर ढकलणारे, फरशीवरचं रक्त पुसणारे, मृतदेह शवागारात नेणारे हात कुणाचे आहेत? त्यांची आडनावं वाचा, आणि ठेकेदाराच्या मस्टरवर वाचा, कारण कायम नोकऱ्या आता उरल्या नाहीत. ज्यांच्या हातात थर्मामीटरही थेट दिला गेला नाही, त्यांच्याच हातांवर आज ते खातं चालतं. शहाणपण म्हणजे डॉक्टरचं आणि हात म्हणजे यांचे, ही वाटणी इस्पितळाने शोधलेली नाही. ती गावातून आत आली आहे.

पिट्सबर्गमध्ये पुढे काय झालं ते तुम्हाला ओळखता येईल. १९७४ला डॉ. नॅन्सी कॅरोलिन या तरुण डॉक्टर त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या. या माणसांसोबत गाडीत बसून, रात्रपाळ्या करून जे शिकायला-शिकवायला मिळालं त्यातून त्यांनी पॅरामेडिकांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार केला. त्यांचं पाठ्यपुस्तक अजून शिकवलं जातं. पण शहराचे महापौर पीटर फ्लॅहर्टी या सेवेला अनुकूल नव्हते. पैसे वेळेवर यायचे नाहीत. गोऱ्यांच्या भागांत पोलिसांच्याच गाड्या जात राहिल्या, जरी तिथल्या लोकांनाही ८९ टक्केवाली गाडी हवी होती. १५ ऑक्टोबर १९७५ला फ्रीडम हाउस बंद झालं आणि शहराने स्वतःची सेवा सुरू केली. कॅरोलिन यांनी अट घातली होती, की माझ्या माणसांना घ्यावं लागेल. घेतलं. मग नव्या परीक्षा आल्या. मग जुने गुन्हे आठवले. मग कमी अनुभवाचे गोरे त्यांचे वरिष्ठ झाले. हळूहळू बहुतेक बाहेर पडले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्या शहराच्या सेवेत जवळजवळ सगळे गोरे होते.

आता मेरिटचा अर्थ लावा. काम करून दाखवलं तेव्हा पदवी नव्हती म्हणून ते कमी. त्यांच्या कामातून पदवीचा अभ्यासक्रम तयार झाला, तेव्हा त्याच अभ्यासक्रमाच्या नावाने त्यांना बाहेर काढलं. समाजशास्त्रात याला ‘क्लोजर’ म्हणतात, म्हणजे आतल्यांनी दार लावून घेणं. कुलूप कोणतं हे बदलत जातं.

(न्यायाने सांगायचं तर ‘जगात पहिली’ हा दावा मी करत नाही. हृदयविकाराच्या पेशंटसाठी डॉक्टरसह फिरती गाडी बेलफास्टमध्ये १९६६लाच सुरू झाली होती. पण डॉक्टर नसलेल्या माणसांनी रस्त्यावर पूर्ण जीवरक्षक उपचार करायचे, याची वाट पाडणाऱ्यांत फ्रीडम हाउस आहे, यावर वाद नाही.)

भारतात हा लढा गाडीपेक्षा कोर्टात जास्त झाला. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं. जवळच्या इस्पितळाने सांगितलं, पोलीस केस आहे, आम्हाला परवानगी नाही, २० किलोमीटरवरच्या दुसरीकडे न्या. तो वाटेत मेला. या बातमीवरून परमानंद कटारा सुप्रीम कोर्टात गेले आणि २८ ऑगस्ट १९८९ला निकाल आला: डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य, पोलिसांची कागदपत्रं त्याच्या आड येऊ शकत नाहीत. आधार घटनेच्या कलम २१चा. ते कलम ज्या मसुद्यात होतं तो कुणाच्या अध्यक्षतेखाली झाला, हे या वाचकांना सांगायला नको.

दुसरा निकाल याहून आपला आहे, तरी आपल्या सभांत तो ऐकू येत नाही. हकीम शेख हा बंगालमधला शेतमजूर. ८ जुलै १९९२ला संध्याकाळी चालत्या रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. प्राथमिक केंद्राने पुढे पाठवलं. मग त्या रात्री कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयं: इथे बेड नाही, इथे न्यूरोसर्जरी नाही, तिथे जा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि सुमारे १७,००० रुपये खर्च आला. एखादा माणूस इथे नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. पण हकीम शेख शेतमजुरांच्या संघटनेचा, पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा, सदस्य होता, आणि संघटना त्याच्यासोबत सुप्रीम कोर्टात गेली. ६ मे १९९६ला कोर्टाने सांगितलं, की वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला २५,००० रुपये भरपाई मिळाली. आज जो नियम सगळ्यांच्या, अगदी मर्सिडीजवाल्यांच्याही उपयोगाचा आहे, तो शेतमजुरांच्या वर्गणीतून चालणाऱ्या संघटनेने मिळवलेला आहे.

नियम आहे म्हणून दार उघडतं असं नाही. मी वस्तीत काम करते, त्यामुळे कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर बऱ्याच रात्री काढल्या आहेत. ‘तुमची जात काय’ हे काउंटरवर कुणी विचारत नाही. ‘कुठून आलात?’ विचारतात. वस्तीचं नाव सांगितलं की बोलण्याचा सूर बदलतो. एका खासगी ट्रस्टच्या रुग्णालयात दम लागलेल्या एका मावशींना खुर्चीत बसवून मुलाला डिपॉझिट भरायला सांगितलं होतं. मुलगा भाऊबंदांना फोन लावत होता, मावशींचे ओठ निळे पडत चालले होते. मी धर्मादाय योजनेचं कलम मोठ्याने वाचून दाखवलं, सोबतच्या पोराने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, तेव्हा स्ट्रेचर आला. ऑक्सिजन पाच मिनिटांत लागला. म्हणजे ऑक्सिजन होता, स्ट्रेचरही होता.

ते कलम प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली मोडणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून योजना झालेली आहे, ती १ सप्टेंबर २००६पासून लागू आहे. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यातली दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत असते: पेशंट अत्यवस्थ असेल तर त्याला लगेच दाखल करून स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे, आणि त्यासाठी डिपॉझिट मागायचं नाही. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला मागून आणता येतो. तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करता येते. ती लेखीच करा आणि पोच घ्या. अपघातात जखमीला उचलून आणणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, हे मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलं आहे. वस्तीतला पोरगा ‘नसती भानगड’ म्हणून जखमीला पाहून पुढे जातो, कारण पोलीस आपल्या पोरांशी कसे वागतात ते त्याला ठाऊक आहे. त्याला हे सांगणं आपलं काम.

आणखी एक काम आहे, त्याला कोर्ट लागत नाही. १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिरं घेतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर औषधांचे स्टॉल लावतो. त्याच मांडवात हृदयावर दाब द्यायला शिकवता येईल. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब निदान ५ सेंटिमीटर खोल, आणि १०८ची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. एक दुपार आणि सरावाचा एक पुतळा पुरतो. ॲनेस्थेशियाच्या किंवा इमर्जन्सीच्या एखाद्या डॉक्टरला बोलवा. आपल्या ओळखीत आता तेही आहेत, कोट्यातूनच आलेले.